काचेला न कळलेलं बोट

जालन्यातल्या धान्याच्या मोंढ्याजवळच्या एका मिठाईवाल्या काकांनी एका दुपारी आमच्या कंपनीत येऊन आमचीच टचस्क्रीन बसवलेला त्यांचा वजनकाटा माझ्या टेबलावर ठेवला आणि ते दोन पावलं मागं सरकून उभे राहिले.

"मॅडम, याच्यात काहीतरी हाय."

"काय आहे?"

"ते तुम्ही सांगा. दुपारी शटर अर्धं ओढून मी जेवायला जातो. येऊन पाहतो तं काटा आपोआप चालू अन् भाव बदललेला. काल पेढा शेवेपेक्षा स्वस्त झाल्ता!"

काटा उघडून तपासला. कुठंच बिघाड नव्हता. शेवटी त्यांच्या दुकानात स्टूल टाकून बसले. दुसऱ्या दुपारी भिंतीवरून एक पाल उतरली, उजेडाजवळची चिलटं खायला काट्याच्या काचेवर आली आणि आरामात आकड्यांवरून चालत गेली. टिक, टिक, टिक. काकांनी कपाळाला हात लावला. मी मात्र मनातून खूश झाले. माझ्या काचेला पालीचं पाऊलसुद्धा कळत होतं!

जालन्याची माणसं म्हटलं की लोकांना दोनच धंदे सुचतात, बियाणं आणि लोखंड. मी काचेवर रेघा ओढायचं काम करते, हे कुणाला सांगून पटायचं नाही. आमचे अण्णा केदारखेड्याला शाळेत शिक्षक होते. ते गावात अभिमानानं सांगायचे, "पोरगी काचेचं काम करते." मंग लोक त्यांना खिडकीच्या तावदानाचा भाव विचारायचे.

ते काम नेमकं काय, ते इथं सोप्यात सांगते. टचस्क्रीन दाबावी लागत नाही, नुसता स्पर्श पुरतो, हे तुम्हाला माहीत आहे. पण काचेला स्पर्श कळतो कसा? काचेच्या पोटाशी एक अगदी पातळ, वीज वाहून नेणारा पारदर्शक थर असतो. त्या थरातून आडव्या आणि उभ्या पट्ट्या कोरलेल्या असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण असतात. त्यांना आम्ही इलेक्ट्रोड म्हणतो. आडव्या पट्टीतून विजेचा बारीकसा ठोका सोडायचा, उभ्या पट्टीनं तो ऐकायचा. वर बोट आलं की त्यातला थोडासा ठोका बोट स्वतःकडं ओढून घेतं, कारण आपल्या अंगात पाणी आहे, मीठ आहे. पलीकडं ऐकू येणं किंचित कमी होतं. एवढंच. त्या किंचित कमी होण्यावरून चिप ओळखते की इथं बोट आहे. पट्ट्या किती रुंद ठेवायच्या, त्यांच्यात अंतर किती सोडायचं, कडा सरळ ठेवायच्या की करवतीच्या दातांसारख्या एकमेकींत घुसवायच्या, हे ठरवणं माझं काम. काच पुण्याहून थर चढवून यायची, नक्षी आमची असायची.

यात तीन मागण्या कायम भांडत असतात. काचेला बारीक स्पर्शही कळला पाहिजे. वीज कमी लागली पाहिजे. आणि काचेनं खोटं बोलता कामा नये, म्हणजे बोट नसताना बोट आहे म्हणू नये. एकीला खूश करायला जावं तर बाकीच्या दोघी रुसतात. पालीच्या प्रकरणानंतर मी खोटं बोलणं बंद करायच्या मागं लागले. काच जरा जड कानाची करून टाकली. काकांचा काटा शहाणा झाला, त्यांनी कंपनीत पाव किलो पेढे पाठवले, आणि मला वाटलं की हीच बराबर रीत आहे.

मंग दवाखान्याचं काम आलं.

शहरातल्या एका छोट्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई स्वतः आल्या होत्या. त्यांना पेशंटच्या उशाशी ठेवायची बिनवायरची बेल हवी होती. तळहाताएवढी काच, तिच्यावर चार चित्रं. पाण्याचा तांब्या, कण्हणारा माणूस, संडासचं भांडं आणि नर्स. "अक्षरं नकोत," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी बायांना वाचता येत नाही. सेल सारखे बदलायला लावू नका. आणि खोटी बेल तर बिलकुल नको. दोनदा खोटी वाजली की तिसऱ्यांदा माझ्या पोरी उठणार नाहीत. त्याही माणसंच आहेत."

बोट लावलं की बेल वाजली पाहिजे, ही अट त्यांनी घातली नाही. ती कोण घालतं?

मी नक्षी केली, काचा आल्या, तपासणी सुरू झाली. तपासणीला आमच्याकडं पितळेचं एक गोल टोकाचं बोट होतं. यंत्र ते बोट पुन्हा पुन्हा काचेला लावायचं. शिवाय ऑफिसातल्या आम्हा पाचसहा जणांची बोटं. सगळ्यांना काच ओळखत होती. पाणी सांडलं तरी गप्प, पदर घासला तरी गप्प. सेलही कमी खात होती. मी फार समाधानात होते.

सोजरमावशी आमच्याकडं झाडझूड आणि चहापाणी पाहायच्या. मूळच्या कुंभार पिंपळगावच्या. घरचा धंदा मेंढरांचा. कळप कमी झाला तशी त्यांनी खुरपणी केली, कापूस वेचला, ऊस तोडला. मुलगा जालन्यात लोखंडाच्या कारखान्यात लागला तेव्हा त्याच्यासोबत इकडं आल्या. साठीला टेकलेल्या, उंच, आणि बोलताना थेट डोळ्यांत पाहणाऱ्या. त्या दिवशी माझं टेबल पुसता पुसता त्यांनी ती काच हातात घेतली आणि तांब्याच्या चित्रावर बोट ठेवलं. काही झालं नाही. पुन्हा ठेवलं. मंग दुसरं बोट.

"मॅडम, हे मला वळखून न्हाई राह्यलं."

मी हसले. "जोरात नका दाबू मावशी. नुसतं टेकवा."

"नुसतंच टेकून राह्यले की."

मी दहा वेळा लावायला सांगितलं. बेल तीन वेळा वाजली. मी त्यांचा हात हातात घेऊन पाहिला. बोटांच्या टोकांना घट्टे होते, कडक आणि कोरडे, मध्ये बारीक भेगा. त्या जाड, वाळलेल्या कातडीच्या आड खरं बोट लांब राहत होतं. माझ्या जड कानाच्या काचेला ते ऐकू येत नव्हतं. मावशींनी बोट जिभेला लावलं आणि पुन्हा टेकवलं. बेल खणखणीत वाजली.

"थुका लावल्यावर वळखतंय बघा," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघीही हसलो.

मी भाऊंकडं गेले. भाऊ म्हणजे कंपनीचे मालक, सगळेच त्यांना भाऊ म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "संवेदना वाढवली तर?"

"तर पाण्याच्या थेंबानं वाजेल. आणि सेल लवकर संपतील."

"आणि नक्षी बदलायची तर?"

"काचा नव्यानं कराव्या लागतील. दोन महिने."

"दवाखान्याला आपण पुढच्या आठवड्याचा शब्द दिलाय, ताई. एका बोटासाठी थांबायचं का, ते तुम्ही ठरवा. तुम्हाला कळतं त्यातलं."

त्यांनी माझ्यावर सोपवलं, हे मी आजवर कुणापासून लपवलेलं नाही. थांबा म्हटलं असतं तर ते थांबले असते. पण माझी काच सुंदर झाली होती आणि मला ती तशीच हवी होती. तपासणीच्या कागदावर मी पितळेचं बोट लिहिलं, आमची सहा बोटं लिहिली, आणि सातवं लिहिलं नाही. संध्याकाळी कप उचलताना मावशींनी विचारलं, "लिवलं का माझं?"

"लिहिलं," मी म्हणाले.

वीस काचा दवाखान्यात बसल्या. महिनाभर सगळं छान चाललं. नर्स पोरींनी कौतुक केलं. मंग एक दिवस डॉक्टरीणबाईंचा फोन आला. एवढंच म्हणाल्या, "जरा येऊन जा."

भोकरदनकडच्या एका खेड्यातल्या म्हाताऱ्या बाई होत्या. खुब्याचं ऑपरेशन झालेलं. शेतात मजुरी करून आयुष्य गेलेलं. दुपारी सून बाहेर डबा आणायला गेली होती. बाईंना तहान लागली. त्यांनी तांब्याच्या चित्रावर बोट ठेवलं. कुणी आलं नाही. पुन्हा ठेवलं. बराच वेळ त्या काचेशी झटत राहिल्या आणि शेवटी स्वतःच उठायला गेल्या. पडल्या, आणि उजवं मनगट मोडलं. खुबा थोडक्यात वाचला.

"काच मी तपासली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सेल चांगले आहेत. माझ्या बोटानं वाजते. सिस्टरच्या बोटानं वाजते. मंग यांच्यानं का नाही वाजली?"

मी बाईंच्या कॉटपाशी गेले. हाताला प्लास्टर होतं, बोटं तेवढी बाहेर होती. ती पाहिली आणि मला पुढं काही विचारायची गरज उरली नाही. तीच बोटं.

"आजी, तुम्ही किती वेळा लावलं बोट?"

"मोजलं न्हाई बाई. लई वेळा." मंग माझ्याकडं पाहून त्या ओशाळल्यासारख्या हसल्या. "मलाच जमलं न्हाई ते. आपल्याला कुठं सवय हाय असल्या वस्तूची."

त्यांनी मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी त्यांना म्हणाले, "आजी, चूक तुमची नाही, माझी आहे. ही काच मी केली. तुमच्यासारखं बोट तिला कळत नाही हे मला माहीत होतं." त्यांना ते कितपत समजलं, मला ठाऊक नाही. सून माझ्याकडं नुसती पाहत राहिली. तिला समजलं होतं.

बाहेर येऊन डॉक्टरीणबाईंनाही हेच सांगितलं. त्यांनी हातातली काच माझ्याकडं दिली. मंग म्हणाल्या, "आज सगळ्या काचा काढून न्या. नीट करून आणल्या तर आणा. पण आणायच्या आधी माझ्या वॉर्डातल्या बायांची बोटं लावून दाखवा. तुमची नकोत."

वीसच्या वीस काचा रिक्षात घालून मी कंपनीत आणल्या. भाऊंना कागद दाखवला आणि त्यात काय लिहिलेलं नाही ते सांगितलं. ते संतापले नाहीत. कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "करा परत."

सर्वांत अवघड होतं ते स्वयंपाकाच्या खोलीत जाऊन मावशींना सांगणं. त्या गाळणी धूत होत्या.

"मावशी, त्या दिवशी मी तुमचं बोट लिहिलं नव्हतं. तुम्हाला खोटं सांगितलं."

त्यांनी नळ बंद केला. "मला म्हाईत व्हतं," त्या म्हणाल्या. "तुमी मान खाली घालून बोलल्या. एरवी तुमी तशा न्हाई बोलत." मंग पदराला हात पुसत विचारलं, "कुणाला लागलं का?"

मी सांगितलं. त्या खाली बसल्या. म्हणाल्या, "मंग आता बसवा मला टेबलापाशी. चहा दुसरं कुणी करंल."

पुढचे दोन महिने आमच्या डिझाइनच्या टेबलाला चौथी खुर्ची सोजरमावशींची होती. मी आयुष्यात खूप हुशार माणसांबरोबर काम केलं आहे. पण त्या दोन महिन्यांइतकं मन लावून काम पुन्हा कधी झालं नाही. मावशी नुसतं बोट टेकवून थांबायच्या नाहीत. "इथं जागं हाय," "इथं झोपलंय," "ह्या कोपऱ्यात येतंय पण उशिरा येतंय," असं सांगायच्या. यंत्राच्या आलेखाशी मी ताडून पाहायचे आणि ते जुळायचं. त्यांच्या वस्तीतल्या बाया त्या घेऊन यायच्या. कुणी भांडी घासणारी, कुणी वीटभट्टीवर काम करणारी, कुणी कापूस वेचणारी. चहा, बोटं, आणि गप्पा. मी प्रत्येकीचं नाव आणि बोट कागदावर लिहायचे, आणि मावशी शेजारी उभ्या राहून मी लिहितेय ना ते पाहायच्या.

नक्षी बदलली. चारच चित्रं आहेत तर बारीक जाळं कशाला, म्हणून पट्ट्या एकत्र करून प्रत्येक चित्राखाली एक मोठा इलेक्ट्रोड केला. कडा दातेरी करून एकमेकींत घुसवल्या, काच पातळ घेतली. बोट कळायला लागलं. पण पातळ काचेला पाण्याचा थेंबही कळायला लागला. मंग थेंबाचं वागणं आम्ही तासन्‌तास पाहिलं. बोट येतं आणि जातं. थेंब पसरतो आणि बसून राहतो, शेजारच्या पट्टीवरही ओघळतो. भोवती एक पहारेकरी पट्टी ओढली. तिच्यावरही काही जाणवलं तर ते बोट नव्हे, पाणी.

शेवटी अडलं ते विजेवर. कोरडं बोट नीट ऐकायचं तर काचेनं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकून खात्री करावी लागते. सतत असं ऐकत राहिलं तर सेल आठवडाभरात संपायचे. मी डोकं धरून बसले होते. मावशींनी विचारलं, "काय झालं?"

"ही काच दिवसभर जागी राहते मावशी. त्यानं थकते. झोपवली तर तिला बोट कळणार नाही."

"आमच्या वाड्यावरचं कुत्रं दिवसभर झोपायचं," त्या म्हणाल्या. वाडा म्हणजे मेंढरं बसवायची जागा. "पण कान उघडा. कुणी जवळ आलं की फक्त डोळा उघडायचं. वळखीचं न्हाई असं वाटलं तरच उठायचं. उगं सारखं उभं राहिलं अस्तं तं मेलं अस्तं की ते."

ही युक्ती पुस्तकात होती. मी ती वाचलीही होती, मोठ्या स्क्रीनसाठी. आमच्या चिमुकल्या बेलला ती लागू होईल असं मात्र सुचलं नव्हतं. झोपेत चारही इलेक्ट्रोड एकत्र जोडून एकच मोठा कान करायचा, त्यानं अधूनमधून फक्त कानोसा घ्यायचा. हात जवळ आला की जागं व्हायचं, आणि मंगच एकेक चित्र लक्षपूर्वक तपासायचं. आठवडाभरात ते बसलं. सेल पुरायला लागले.

नव्या काचा घेऊन मी आणि मावशी दवाखान्यात गेलो. वॉर्डातल्या एकेका बाईच्या हातात काच दिली. बेल वाजली. पुढच्या कॉटवर वाजली. त्याच्याही पुढच्या. डॉक्टरीणबाई मागं उभ्या होत्या, शेवटी मावशींना म्हणाल्या, "बसा, चहा घेऊन जा." पडलेल्या आजी तोवर घरी गेल्या होत्या. त्यांचं मनगट जुळलं, पण मूठ पहिल्यासारखी वळत नाही, असं पुढं कळलं. ती गोष्ट नीट करता येणारी नव्हती.

त्या हिवाळ्यात मी काचांच्या कामासाठी आठ दिवस पुण्याला गेले. परत आले तर मावशी नव्हत्या. गावाकडं राहिलेले त्यांचे मालक, म्हणजे यजमान, आजारी पडले, म्हणून त्या तातडीनं निघून गेल्या होत्या. "मॅडमला सांगा," एवढा निरोप होता. काय सांगायचं ते नव्हतं. मी दोनदा त्यांच्या मुलाकडून नंबर घेतला, दोन्ही वेळा तो लागला नाही. मंग नव्या ऑर्डरी आल्या, आणि मी पुढच्या महिन्यात जाऊ म्हणत राहिले. असे किती पुढचे महिने गेले!

आता तयार काचा बाहेरून येतात, चिपा स्वतःच स्वतःला जुळवून घेतात. भाऊंनी डिझाइनचा विभाग बंद केला, त्यात त्यांचा दोष नाही. मी जालन्यातच मस्तगडला घरी असते. दुपारी चार वाजता अजून हात टेबल शोधतो. बँकेत यंत्रापुढं कुणी बाई पुन्हा पुन्हा बोट लावताना दिसली की मी नकळत तिच्या बोटांकडं पाहते आणि ती चार खुर्च्यांची दुपार आठवते. काम गेल्याचं दुःख होईल असं लोकांनी सांगितलं होतं. ते होतंच. पण ज्या माणसाबरोबर काम केलं त्या माणसाची अशी ओढ लागेल, हे कुणी सांगितलं नव्हतं.

यंदा एका बाजाराच्या दिवशी मी कुंभार पिंपळगावला गेले. पत्ता घेतला नव्हता. मेंढरंवाल्यांच्या आळीत विचारलं तर एका बाईनं सांगितलं, "सोजराक्का व्हय? त्या बाजारात चिंच घेऊन बसल्यात."

लांबून ओळखल्या. पोत्यावर चिंचेचे वाटे मांडून बसल्या होत्या. केस सगळे पांढरे झालेले. मी समोर जाऊन उभी राहिले तर आधी म्हणाल्या, "किती देऊ?" आणि मंग वर पाहिलं.

"अगं बया! मॅडम! कव्हा आल्या?"

"आत्ताच."

"काय काम काढलं?"

नवी काच नव्हती. कंपनीतलं टेबल नव्हतं. त्यांचं बोट लागेल असं माझ्याकडं काहीच उरलं नव्हतं.

"काही काम नाही, मावशी," मी म्हणाले. "तुम्हाला पाहायला आले."

त्या माझ्याकडं पाहत राहिल्या. त्यांची ती थेट नजर. मंग पोतं जरा ओढून त्यांनी शेजारी जागा केली. "बिनकामाच्या आल्या? मंग बसा की."

मी बसले. मालक दोन वर्षांपूर्वी गेल्याचं त्यांनी सांगितलं. मुलगा जालन्यातच असतो, बोलावतो, पण जीव रमत नाही. मी अण्णा गेल्याचं सांगितलं, विभाग बंद झाल्याचं सांगितलं. मधूनच गिऱ्हाईक यायचं, मावशी वाटा उचलायच्या, मी पिशवीचं तोंड धरायचे. ऊन उतरलं. लोक दुकानांवरची पालं गुंडाळायला लागले.

रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. मावशींनी मान वळवली.

"मॅडम, जालन्याची शेवटची गाडी. जल्दी करा."

गाडी थांबली, दोन माणसं चढली. मी उरलेली चिंच पोत्यात भरत होते.

"मॅडम, जाऊन राह्यली ना गाडी!"

"जाऊ द्या," मी म्हणाले, आणि पोत्याचं तोंड बांधायला सुतळी मागितली.